बाबा, आज कुठल्या मार्गावर?

पोरगी गोड बोलायला लागली आणि तपासनिसाच्या मनात पाल चुकचुकली.

तशी शंका घेणं हा त्याचा धंदाच होता. शहराच्या बसगाड्यांमध्ये तिकिटं तपासायची त्याची नोकरी. मधल्याच एखाद्या थांब्यावर गाडीत चढायचं, पुढच्या दारापासून सुरुवात करायची आणि एकेक माणूस पारखत मागे सरकायचं. बिनतिकीट माणूस त्याला म्हणे दुरूनच कळायचा. कोणी एकदम खिडकीबाहेर बघायला लागतो, कोणाला नेमका त्याच क्षणी फोन आठवतो, कोणी डोळे मिटून घोरतो आणि पापण्या मात्र फडफडत असतात. आणि सगळ्यांत पक्का चोर कोण? जो आपणहून हसतो तो. "काय साहेब, आज आमच्या गाडीला?" असं कोणी म्हणालं की समजावं, याच्या खिशात तिकीट नाही. हा नियम आजवर एकदाही चुकला नाही, असं तो छाती काढून सांगायचा. चुकला असता तर त्याला कळलं कसं असतं, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

घरात मात्र इतके दिवस शंकेला काही काम नव्हतं. बायको दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला बसायची. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून ती घरी यायची, आणि घरात कोणी कण्हलं की तिला हसू यायचं. आणि चिंगी, पंधरा वर्षांची एकुलती एक लेक. ती अगदी वयाला साजेशी वागत होती. "कुठे चाललीस?" म्हटलं की "कुठे नाही." "शाळेत काय झालं?" "काही नाही." "जेवलीस का?" "हं." बापाला यात काही खटकत नव्हतं. या वयाच्या पोरीने बापाशी एवढंच बोलायचं असतं, अशी त्याची समजूत होती.

मग शाळेच्या व्हॉलीबॉल संघात तिची निवड झाली आणि सगळं बिघडलं. म्हणजे सुधारलं. पण सुधारलेली गोष्ट दिसली की या गृहस्थाला आधी बिघडल्यासारखीच वाटायची, त्याला कोण काय करणार!

पहिल्यांदा झालं ते जेवताना. चिंगीने ताटातून मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, काल उशिरा आलात तेव्हा तुम्ही दार हळू लावलंत. माझी झोप मोडली नाही. मला बरं वाटलं."

तपासनिसाचा घास हातातच राहिला.

"काय हवंय?" त्याने विचारलं.

"काही नको."

"फोन? सहल? नवे बूट?"

"नकोय हो काही. नुसतं सांगितलं."

नुसतं सांगितलं! पंधरा वर्षांची पोरं आईबापांना नुसतं सांगतात होय? त्याने बायकोकडे पाहिलं. बायको पाणी पिता पिता हसत होती.

"अहो, पोरगी चार शब्द चांगलं बोलली, तर आता तिच्याकडे तिकीट मागताय का?"

"तू गप गं. तुला नाही कळायचं. आपणहून हसणारा माणूस..."

"खिशात तिकीट नसतं त्याच्या. ऐकलंय. लग्न झाल्यापासून ऐकतेय."

पुढे एकदा चिंगीच्या हातून काचेचा पेला पडला आणि खळ्ळकन फुटला. एरवी अशा वेळी घरात ठरलेला तमाशा व्हायचा. आई ओरडणार, लेक "पेला काठावर ठेवलाच कोणी?" म्हणणार, आणि बाप दोघींवर ओरडणार. त्या दिवशी चिंगीने सरळ हात वर केला, वर्गात करतात तसा, आणि म्हणाली, "माझी चूक." आणि आई? आईने पुढे होऊन त्या वर केलेल्या हातावर टाळी दिली, म्हणाली, "पुढचं बघ," आणि केरसुणी आणायला गेली. घरात काचेचा सडा पडलाय आणि या मायलेकी टाळ्या देताहेत!

"हे काय नवीन?" त्याने विचारलं.

"त्यांच्या संघात असंच करतात," बायको म्हणाली. "स्वतःची चूक असली की हात वर. मग दुसऱ्या कोणी येऊन टाळी द्यायची, की झालं, आता पुढचा बॉल. बरं आहे की. निम्मी भांडणं वाचतात."

म्हणजे बायकोही सामील! तपासनिसाने त्या रात्री ठरवलं की या प्रकरणावर नजर ठेवायची.

त्यानंतर खरं म्हणजे थोडे दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे जेवताना दिवसभराची शिकार सांगत होता. हा त्याचा आवडता कार्यक्रम. कालचं तिकीट घडी घालून आजचं म्हणून दाखवणारा एक बुवा, कंडक्टरच्या ओळखीवर मिरवणारी एक बाई, आणि पास किटच्या बॅगेत राहिला म्हणणारी एक शाळकरी पोरगी. "म्हटलं, बाई, सगळे असंच म्हणतात! उतर खाली. अख्खी गाडी हसली." चिंगी अर्ध्या जेवणातून उठली. भूक नाही म्हणाली. त्या दिवशी त्यांचा संघ हरला होता, म्हणून बापाने ते मनावर घेतलं नाही. खेळ म्हटला की हार आलीच.

पण आठ-दहा दिवसांनी एका सकाळी तो बुटाची नाडी बांधत असताना चिंगी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, आज कुठल्या मार्गावर?"

नाडी बांधता बांधता त्याचा हात थांबला. आजवर या पोरीने त्याच्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. "बाजाराच्या," तो म्हणाला. ती "बरं" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. "बाबा, आज कुठल्या मार्गावर?"

आता तुम्हीच सांगा, तपासनीस आज कुठे आहे याची चौकशी जगात कोण करतं? या प्रश्नाचं उत्तर त्याला पुरतं ठाऊक होतं आणि ते त्याला झोपू देईना. बाप कुठे नसेल हे पोरीला आधी कळायला हवं होतं. का? ती कुठे जात होती? कोणाबरोबर? तो खोलीत आला की तिचं फोनवरचं बोलणं एकदम थांबायचं. सराव संपून घरी यायची वेळही लांबत चालली होती. आणि तोंडाने मात्र साखर! "बाबा, तुमचा शर्ट छान दिसतोय." "बाबा, तुम्ही दमलात का?" दमलात का म्हणे.

"मला काही ठीक दिसत नाही," तो बायकोला म्हणाला. "काही निघालं ना यातून, तर शाळेत जाऊन संघातून नाव काढून टाकीन तिचं. खेळ बंद, बाहेर जाणं बंद."

बायकोचं हसू मावळलं. "असं करू नका हं. त्या खेळाशिवाय तिला दुसरं काही सुचत नाही. आणि अहो, कित्येक दिवसांनी ती आपल्याशी बोलायला लागलीय. तेही बंद होईल."

"तुला काही माहितीय का?"

"ती सांगेल तेव्हा ऐका," बायको म्हणाली आणि दिवा बंद केला. अंधारात तो बराच वेळ डोळे उघडे ठेवून पडला. हिला नक्की माहिती होतं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर तो तडक सरावाच्या ठिकाणी गेला. शाळेपासून बसने जावं लागे असं ते मैदान होतं, वर पत्र्याचं छप्पर, मधे जाळी, कडेला लाकडी बाकं. संघाची कोच म्हणजे एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई. गळ्यात शिट्टी होती, पण ती तोंडात काही जाईना. ओरडत नाही ती कसली कोच! ओरडत होत्या त्या पोरी. एकीने जमिनीला टेकता टेकता बॉल उचलला, तर पार पलीकडच्या कोपऱ्यातून आरोळी आली, "कसला उचललास गं!" आणि कोणी चुकलं की मात्र एक जण धावत तिच्याजवळ जायची, खांद्यावर हात ठेवायची, कानाशी काहीतरी बोलायची आणि परत जागेवर. कुजबुज! तपासनिसाच्या मते सरळ माणूस कधी कुजबुजत नाही.

त्यात आणखी एक झालं. एक ताडमाड उंच पोरगी जाळीपाशी होती, बाकीच्या तिला शिडी म्हणत होत्या. तिची नजर बाकाकडे गेली, तपासनिसावर पडली, आणि अगदी हातातला सोपा बॉल तिच्या बोटांमधून निसटला. ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली ती राहिलीच. चिंगी धावत तिच्याजवळ गेली. कुजबुज, कुजबुज.

त्याने कोचबाईला गाठलं. "बाई, हे कानात काय चालतं?"

"आमच्यात कौतुक मोठ्याने करायचं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं," बाई म्हणाल्या. "चूक सांगायची तर जवळ जाऊन. तिची तिलाच ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. आधी पोरी एकमेकींवर इतक्या खेकसायच्या की बॉल कोणी घ्यायचा हे सांगायलाही कोणी तोंड उघडत नव्हतं. भीती वाटायची त्यांना. आता बोलतात."

"घरीही बोलतात," तो म्हणाला. "तेच विचारायला आलो. चिंगी काही लपवतेय का?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या शर्टावरच्या बिल्ल्याकडे बघितलं, मग जाळीपाशी पाठमोऱ्या उभ्या पोरीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "ते तुम्ही तिलाच विचारा," त्या म्हणाल्या. "आणि विचारलंत तर तिचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबा."

झालं! प्रवाशाला पाठीशी घालणारा कंडक्टर नेमका असंच बोलतो. मला काय विचारता, त्यालाच विचारा. सगळा संघच सामील आहे, बाईंसकट, अशी आता त्याची खात्री पटली.

मग त्याने सापळा लावला.

"बाबा, आज कुठल्या मार्गावर?"

"हॉस्पिटलच्या," तो म्हणाला. पोरीच्या डोळ्यांत बघून तो धडधडीत खोटं बोलला. त्या दिवशी त्याची ड्यूटी मैदानाच्या मार्गावर होती.

शाळा सुटायच्या वेळेला तो शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरला आणि फळीआडून थांब्यावर नजर लावून बसला. दुकानदाराने विचारलं, काय कॉपी काढायची, तर तो "थांबा हो जरा" म्हणाला. पोरी आल्या, खांद्यावर किटच्या बॅगा, खिदळत. शिडी सगळ्यांच्या मागे. मैदानाकडे जाणारी बस आली. आणि मग त्याने जे पाहिलं त्याने त्याचे कान तापले.

चिंगी एकटी पुढे झाली. बाकीच्या थांब्यावरच उभ्या. चिंगीने पायरीवर एक पाय ठेवला, दांड्याला धरून आत डोकावली, पुढून मागपर्यंत नजर फिरवली, नीट, एकेक सीट. मग मागे वळून तिने हाताने खूण केली, या. तेव्हा कुठे सगळ्या चढल्या.

तपासनिसाला आता कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. गाडीत तपासनीस आहे का हे बघणाऱ्या माणसांची सगळी तऱ्हा तो कोळून प्यायला होता. अख्खा संघ बिनतिकीट हिंडत होता, आणि टेहळणीला कोण, तर तपासनिसाची लेक! बापाला रोज सकाळी मार्ग विचारून घ्यायचा आणि मैत्रिणींना फुकट फिरवायचं. डेपोत कळलं तर लोक तोंडात शेण घालतील. त्याला राग आला होताच, पण रागाच्या खाली काहीतरी दुखत होतं. ते "बरं वाटलं" सगळं खोटं होतं तर. दार हळू लावल्याचंही.

बस पोस्टाला वळसा घालून जाते हे त्याला माहीत होतं. तो गल्लीतून धावत सुटला, या वयात, बिल्ला छातीवर आपटत, आणि पोस्टाच्या थांब्यावर पुढच्या दाराने गाडीत चढला.

गाडीत शांतता पसरली. नेहमी पसरते तशीच. तो पुढून मागे निघाला. तिकीट, तिकीट, तिकीट. पोरी मागच्या बाजूला होत्या. त्यांनी त्याला पाहिलं. आता या खिडकीबाहेर बघतील, असं त्याला वाटलं, आता फोन निघतील. एकीनेही नजर वळवली नाही. सगळ्या सरळ त्याच्याकडेच बघत होत्या, आणि ते त्याला फार अवघड गेलं.

"पास."

पहिलीने दिला. बरोबर होता. दुसरीचा बरोबर. तिसरीचा, चौथीचा. त्याने तारखा पाहिल्या, फोटो पाहिले, उलटून पाहिलं. चिंगीने आपला पास पुढे केला, त्याने तोही उलटून पाहिला. शेवटी शिडी. तिने पास काढला नाही, कारण तो काढलेलाच होता. जाड दोरी ओवून तिने तो गळ्यात घातला होता, लहान मुलांच्या गळ्यात पाण्याची बाटली असते तसा. तपासायला द्यावा म्हणून तिने दोरीसकट तो पुढे ओढला आणि मान वाकवून उभी राहिली.

तोही बरोबर होता. तपासनिसाच्या हातात आता काहीच राहिलं नव्हतं.

"मग गाडीत डोकावून कोणाला बघत होतीस?" तो चिंगीवर ओरडला. "चेकर आहे का ते?"

"हो," चिंगी म्हणाली.

"पास असताना? का?"

सगळी गाडी ऐकत होती. चिंगी सीटवरून उठली आणि त्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या कपाळावरचा घाम त्याला दिसला. "बाबा, सांगते," ती हळूच म्हणाली. "पण इथे नाही. खाली उतरल्यावर."

"इथेच सांग! लपवण्यासारखं आहे काय एवढं?"

"लपवायचं नाहीये. पण ते तुमच्याबद्दल आहे. म्हणून हळू बोलतेय."

तपासनिसाचं तोंड उघडं राहिलं. मग त्याने ते मिटलं. पुढचे थांबे तो दांड्याला धरून उभा होता.

मैदानापाशी सगळ्या उतरल्या. पोरी आत गेल्या आणि जाळी बांधायला लागल्या. चिंगी आणि तो बाकावर बसले. ती आपल्या बुटांकडे बघत होती. त्याने दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्याला कोचबाईंचं बोलणं आठवलं. ही शिकवणी आपल्यासाठीच होती की काय, अशी शंका त्याला तेवढ्यातही आली.

"आम्ही हरलो ना, त्या दिवशी शिडी मॅचला नव्हती," चिंगी म्हणाली. "तिची किटची बॅग दुसऱ्या मुलींबरोबर आधीच पुढे गेली होती, आणि पास बॅगेत होता. ती खरंच सांगत होती. तुम्ही म्हणालात, सगळे असंच म्हणतात. मोठ्याने म्हणालात. बसमधले लोक हसले. तुम्ही तिला पुलापाशी उतरवलंत. पुढची बस गच्च भरलेली होती, ती थांबलीच नाही. ती चालत आली. ती आली तेव्हा मॅच संपून आम्ही हात मिळवत होतो."

तपासनिसाने जाळीकडे पाहिलं. शिडी दोरी ताणून बांधत होती. त्याला ती आठवेना. गाडीतला हशा आठवत होता, चेहरा आठवत नव्हता.

"पास जवळ नसेल तर तो नसल्यातच जमा," तो म्हणाला. "नियम आहे तो, चिंगे. मी केलेला नाही."

"हो. दंड घेता आला असता. उतरवायचं तर उतरवताही आलं असतं. पण हळू सांगून."

"आणि हे सगळं तिने तुला सांगितलं? ती तिच्या बाजूनेच सांगणार."

"तिने नाही सांगितलं."

"मग कोणी?"

"मी होते बसमध्ये."

"शक्य नाही," तो एकदम म्हणाला. "मी बघितलं असतं."

"मी शेवटच्या सीटवर होते. गर्दी होती, शिडी पुढे उभी होती. तुम्ही तिच्यापाशी थांबलात, आणि तिला घेऊन तिथूनच खाली उतरलात. मागे आलाच नाहीत." चिंगीचा आवाज बारीक होत चालला होता, पण ती थांबली नाही. "मी तोंड खिडकीकडे केलं होतं."

त्याने तिच्याकडे बघितलं. "माझी भीती वाटली?"

"नाही. लाज वाटली. हे माझे बाबा आहेत हे कोणाला कळू नये असं वाटलं. मी उठून म्हणायला हवं होतं की ही आमच्या संघातली आहे, ही खोटं बोलत नाही. मी नाही उठले. आणि मग मैदानावर बाईंनी विचारलं, शिडी कुठे आहे, तर मी म्हटलं, माहीत नाही." तिने नाक पुसलं. "आम्ही मॅच माझ्यामुळे हरलो, बाबा. नंतर मी ते सगळ्यांना सांगितलं. तुम्ही माझे बाबा आहात हेही सांगितलं. शिडी किती दिवस माझ्याशी बोललीच नाही. मग एकदा तिने सांगितलं की तिला तुमच्या गाडीत चढायला नको वाटतं. तर सगळ्यांनी ठरवलं, तुम्ही ज्या गाडीत असाल ती सोडून द्यायची. म्हणून मी रोज विचारत होते."

तपासनीस मांडीवर हात ठेवून बसला होता. खिडकीकडे तोंड फिरवणारी माणसं त्याने जन्मभर एका नजरेत ओळखली होती. आणि घरची तीच नेमकी सुटली होती.

"मग मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगणारच होते. आधी तुमच्याशी बोलायची सवय तर व्हायला हवी होती ना. आपण बोलतच नव्हतो काही. संघात आल्यावर मी छोट्या छोट्या गोष्टींपासून नुकती कुठे सुरुवात केली होती."

"म्हणजे दाराचं... ते सगळं..."

"ते खरंच होतं," चिंगी जरा चिडून म्हणाली. "दार हळू लावलं होतंत तुम्ही!"

दार वाजलं नाही ते बिजागरीला तेल घातलं होतं म्हणून, हे त्याने तिला त्या दिवशीही सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही.

नियम नियम आहे, हे त्याने मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. ते खरंच होतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता. मग तो उठला, मैदानाच्या रेघेपर्यंत गेला आणि त्याने उजवा हात वर केला.

खेळ थांबला. कोणाच्या तरी हातून बॉल घरंगळत त्याच्या पायाशी आला. कोचबाई लांब उभ्या होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत. हा मोठा युनिफॉर्ममधला माणूस शाळकरी पोरासारखा हात वर करून उभा होता. घसा खाकरून तो म्हणाला, "माझी चूक." ते फार हळू झालं. गाडीत तर तो चांगला मोठ्याने बोलला होता. म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, "माझी चूक झाली!"

शिडी आली. धावत नाही, चालत आली. गळ्यातला पास अजून तसाच लोंबत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली, आणि तिची मान त्याच्या खांद्याच्या वर पोचत होती. एवढी उंच पोरगी आणि आपल्याला चेहरा आठवू नये, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"काका," ती हळू म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल असं, "तुम्ही म्हणालात, सगळे असंच म्हणतात. पण तेव्हा मी एकटीच म्हणत होते."

त्याने मान हलवली.

"हात खाली घ्या. दुखेल." ती जरा थांबली. "टाळी आज नाही देणार मी. मला नाही द्यावीशी वाटत."

"नको देऊस," तो म्हणाला. त्याने हात खाली घेतला, पायापाशी आलेला बॉल उचलला आणि तिच्या हातात दिला. ती जाळीकडे परत गेली.

सराव संपेपर्यंत तो बाकावर बसून राहिला. परतीची बस आली ती चांगलीच भरलेली होती. पोरी मागच्या दाराने चढल्या, हा सवयीने पुढच्या. बिल्ला दिसल्याबरोबर गाडीत नेहमीची शांतता पसरली. माणसं खिसे चाचपायला लागली. तिसऱ्या सीटवरचा एक जण डोळे मिटून घोरत होता आणि त्याच्या पापण्या फडफडत होत्या.

तेवढ्यात अगदी मागून आरोळी आली.

"बाबा! अहो बाबा! इकडे या, तुमच्यासाठी जागा धरलीय!"

एवढ्या मोठ्याने की ड्रायव्हरने आरशात बघितलं. सगळ्या माना आधी मागे वळल्या आणि मग पुढे, त्याच्याकडे. चिंगी शेवटच्या सीटवर उभी राहून हात हलवत होती. लाल झाली होती पोरगी, कानापर्यंत, पण हात काही खाली घेत नव्हती.

तपासनीस तिसऱ्या सीटपाशी वाकला आणि घोरणाऱ्याच्या कानाशी म्हणाला, "पुढच्या थांब्याच्या आत तिकीट काढून घ्या." त्या माणसाने खाडकन डोळे उघडले. तपासनीस मागे गेला आणि चिंगीच्या शेजारी बसला. पलीकडे खिडकीपाशी शिडी होती. तिची किटची बॅग मधे वाटेत पडली होती, ती तिने उचलून मांडीवर घेतली, म्हणजे त्याला पाय ठेवायला जागा झाली.